राजाचं घर, माशांचं घर आणि विकलेली पेटी

थिबा राजवाड्याच्या पायऱ्यांशी मामूंनी चपला काढल्या. दारावरचा माणूस म्हणाला, "चाचा, चपला राहू द्या. इथं चालतात." मामू म्हणाले, "कुणाच्या तरी घरात चाललोय ना बाबा?" आणि चपला हातात घेऊनच ते आत शिरले.

मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात साधे खलाशी म्हणून जहाजावर चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. एडन, सुएझ, लंडनची गोदी, पार जपानपर्यंतची बंदरं त्यांनी पाहिली. पण खाडीपलीकडच्या गावात जन्म काढूनही रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात ते कधी गेले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळं नव्यानं पाहायची हौस आली आहे. म्हणून एका सकाळी आम्ही दोघं निघालो. आधी राजाचं घर पाहायचं, मग झाडगावचं माशांचं संग्रहालय, आणि वेळ उरला तर रत्नदुर्गावरून समुद्र, असा बेत होता.

मित्रहो, आपण परगावी गेलो की तिथलं संग्रहालय हटकून पाहतो. आपल्याच गावातलं संग्रहालय मात्र शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेलं असतं, तेवढंच. मीही त्यातलाच. चाळीसेक वर्षांनी पुन्हा गेलो, तेही एका जहाजी माणसाचं बोट धरून, तेव्हा त्याच दालनात मला काही वेगळं दिसलं. ते आज सांगायचं आहे.

थिबाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा तो शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवलं आणि मद्रासला आणलं. तिथून एप्रिल १८८६मध्ये त्यांना रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीच का? कारण त्या काळी इथं रेल्वे नव्हती, यायचं तर मुख्य वाट समुद्राची, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. कैद्यासाठी याहून चांगली भिंत कोणती? आधी भाड्याच्या बंगल्यांत चोवीस वर्षं काढल्यावर १९१०मध्ये हा राजवाडा बांधून झाला. राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. डिसेंबर १९१६मध्ये तो इथंच वारला. १९१९मध्ये राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या. राजाची कबर मात्र रत्नागिरीतच राहिली. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले.

जांभा दगड, उतरती छपरं, लाकडी कमानदार खिडक्या. मामू राजाच्या वस्तूंपेक्षा खिडक्यांपाशीच जास्त रेंगाळले. लाकडावर हात फिरवला, सांध्यांवर नख ओढून पाहिलं. "साग आहे," म्हणाले. "सागाला समुद्र लागत नाही. म्हणून तर जहाजाला साग." राजाला ज्या मुलखातून आणलं, तो मुलूखच सागासाठी प्रसिद्ध. मला आजवर हे सुचलं नव्हतं. मी तिथल्या पाट्या वाचत होतो. मामू लाकूड वाचत होते.

राजाच्या वापरातल्या वस्तू तशा थोड्याच आहेत. एवढ्या मोठ्या राजाचं एवढंसंच कसं उरलं, असं वाटतं. पण राजाला हयातीतच माणकं आणि दागिने विकून दिवस काढावे लागले होते. राजा गेल्यावर, कुटुंब परतल्यावर उरलंसुरलंही पांगलं. तरीही राजाची हकिकत आपल्याला आज इतकी नेमकी कळते, कारण त्याच्या नावानं सरकारी दफ्तर होतं. त्याला किती तनखा द्यायचा, त्यानं किती उधळला, घरात नोकर किती, कुणाला भेटायची परवानगी द्यायची, या प्रत्येक गोष्टीवर इंग्रज अधिकाऱ्यांनी कागद रंगवले. त्या कागदांच्या आधारे सुधा शाह यांचं 'द किंग इन एक्झाइल' हे जाडजूड पुस्तक २०१२मध्ये आलं. वस्तू गेल्या तरी कागद राहिले, म्हणून राजा राहिला.

त्याआधी २०००मध्ये अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली होती. तिच्यातला थिबा दुर्बीण घेऊन समुद्रातल्या होड्या न्याहाळत बसतो. मी हे मामूंना सांगितलं. ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "राजा होड्यांकडे बघायचा ते लिहिलंय. होडीतली माणसं राजाच्या घराकडे बघायची, ते कुणी लिहिलं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पण तो दिवसभर माझ्यासोबत राहिला.

जरा विचार करा. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी १८५८मध्ये रंगूनला नेलं, तो जहाजानं. रंगूनच्या बाजूनं थिबाला इकडे आणलं, तो जहाजानं. आणि ज्या रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला, त्या रत्नागिरीत मंडालेचा राजा कैदेत असताना, टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. तेही समुद्र ओलांडूनच गेले. टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे, थिबाचा राजवाडा संग्रहालय आहे. या दोन घरांना जोडणारी गोष्ट आहे समुद्र आणि त्या समुद्रावर चालणारी जहाजं. ती जहाजं चालवणाऱ्या माणसांचं घर मात्र या यादीत नाही.

दुपारी आम्ही झाडगावला गेलो. सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे ते, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय पाहायला मुलांची झुंबड उडते. सगळ्यांत मोठं आकर्षण देवमाशाच्या सांगाड्याचं. त्याच्या बरगड्यांशेजारी उभं राहिलं की उलट्या घातलेल्या होडीखाली उभं असल्यासारखं वाटतं. मामूंनाही तसंच वाटलं असावं. कारण ते म्हणाले, "वरून बघितलं तर मासा, आतून बघितलं तर होडी."

बरण्यांतले मासे पाहताना त्यांना खरा हुरूप आला. पाकट, मोरी, घोळ, वाम, सुरमई. प्रत्येकाशी जुनी ओळख निघाल्यासारखे ते बोलत होते. हा कुठल्या महिन्यात काठाशी येतो, हा कुठल्या जाळ्यात सापडतो, ह्याचं कालवण आणि ह्याचं फक्त सुकं. शेजारी उभी असलेली शाळकरी पोरं बरणीकडे कमी आणि मामूंकडे जास्त बघायला लागली.

बाहेर बाकावर बसलो, तेव्हा सकाळपासून जाणवत असलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली. राजवाड्यात आहे तो इतिहास. इथं आहे तो समुद्र. एकीकडे राजा, एकीकडे मासा. दोघांच्या मध्ये जो माणूस होता, ज्यानं राजालाही वाहून नेलं आणि मासाही पकडला, तो या दोन दालनांच्या मधल्या रस्त्यावर कुठंतरी राहून गेला. संग्रहालयांचा दोष काढायचा म्हणून मी हे बोलत नाही. राजाचं घर राजाचंच दाखवणार आणि मत्स्यशास्त्राचं केंद्र मासेच दाखवणार. पण मग खलाशाचं कुणी दाखवायचं?

हा खलाशी काही थोडाथोडका नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर काम करत होते. लास्कर म्हणजे आपल्या आणि आसपासच्या किनाऱ्यांवरचे खलाशी, 'लष्कर' या फारसी शब्दावरूनच आलेलं नाव. पी अँड ओसारख्या मोठ्या कंपनीच्या जहाजांवर कामाप्रमाणे मुलूख ठरलेले असत. डेकवर रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे, इंजिनखोलीतल्या आगीपुढे पंजाब आणि सरहद्दीकडचे, स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, झोपायची जागाही त्याच्याहून कमी. दुसऱ्या महायुद्धात तर पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं धडाधड बुडवली आणि साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी मेले. ते सैनिक नव्हते. त्यांच्या हातात दोर होते, कोळशाची फावडी होती, चहाच्या किटल्या होत्या.

त्यांची स्मारकं नाहीतच असं नाही. कोलकात्यात हुगळीच्या काठी १९२४मध्ये उभारलेलं लास्कर स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात मेलेल्या बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी. आपल्या मुंबईत मशीद बंदरजवळ खलाशांचं वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. तिथंही त्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जपली आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांचीही. मुंबईत राहणाऱ्या किती कोकणी माणसांनी ते पाहिलं असेल? मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर पाहिलं. आणि पाहिलं तेही एका घरगुती कारणानं.

माझ्या दादाचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा, एक धाकटा भाऊ होता. दोघंही जहाजावर. दुसऱ्या महायुद्धात धाकट्याचं जहाज बुडालं आणि तो परत आला नाही. शबे-बरातला आमच्याकडे घरचे लोक कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांसाठी फातिहा पढतात. ह्याची कबरच नव्हती. म्हणून दादी त्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. मी लहान असताना तिच्या पदराला धरून गेल्याचं आठवतं. ती पाण्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची आणि मला म्हणायची, "चल, झालं."

दादाची एक पेटी होती. सागाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणावर इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव आणि गाव. दादाला लिहिता येत नव्हतं, जहाजावरच्या कुणीतरी रंगानं काढून दिलं होतं. आत काय काय होतं! दोराचे पीळ सोडवून दोर जोडायची लाकडी मेख, तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा, शिडाच्या कापडाची पिशवी, एक फुटकं होकायंत्र. शिवाय दादाची 'नल्ली' होती. खलाशी लोक आपल्या नोंदीच्या पुस्तकाला नल्ली म्हणत. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, वागणूक कशी, हे सगळं त्यात लिहिलेलं. आणि तिच्यातच घडी करून ठेवलेलं एक पत्र होतं, धाकट्या भावाच्या मृत्यूची खबर देणारं. त्यात जहाजाचं नाव होतं.

१९९८मध्ये आम्ही जुनं घर पाडलं. त्याच वर्षी कोकण रेल्वे पुरती सुरू झाली होती आणि सगळ्या गावाला स्लॅबच्या घराची घाई झाली होती. पेटी नव्या घरात बसेना. तिला वाळवीही लागली होती. भंगारवाल्यानं दीडशे रुपये दिले. आतल्या वस्तूंसकट. नल्ली तेवढी कुणीतरी बाहेर काढून ठेवली होती, ती वाचली. पत्र गेलं. आणि हे सगळं झालं तेव्हा मी घरातच होतो. बीए झालेला, कविता छापून येणारा, समुद्रावर कविता लिहिणारा मी. भंगारवाल्याला पेटी उचलायला एका बाजूनं हात मीच दिला.

दादी तोवर गेली होती. त्याचं आता बरं वाटतं.

पुढे खूप वर्षांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या घरबसल्या पाहता येऊ लागल्या. युद्धात मेलेल्या खलाशांची नावं त्यांत आहेत, सोबत जहाजाचं नावही असतं. मी अधीर होऊन दादाच्या भावाचं नाव शोधलं. सापडलं. एकदा नाही, अनेकदा. तेच नाव, तोच हुद्दा, निरनिराळी जहाजं. आमच्याकडे नावं तीच तीच ठेवतात आणि इंग्रज कारकुनानं ती ऐकू आली तशी लिहिली. यांतला आमचा कोणता? जहाजाचं नाव हातात असतं, तर एका क्षणात कळलं असतं. ते नाव मी दीडशे रुपयांना विकून बसलो होतो. म्हणून मशीद बंदरला जाऊन आलो. तिथं उभा राहिलो आणि नेमक्या कुणासाठी फातिहा पढावी ते कळेना, म्हणून सगळ्यांसाठीच पढली.

आता तुमच्या लक्षात येईल की वस्तूबद्दल मी एवढं का बोलतो आहे. वस्तू नुसती जुनी झाली म्हणून मोलाची होत नाही. संग्रहालयात वस्तू आली की पहिलं काम काय होतं? तिला काचेत ठेवतात ते नंतर. आधी नोंदवहीत तिची नोंद होते. तिला क्रमांक मिळतो. ती काय आहे, कशाची आहे, माप किती, कुठून आली, कुणी दिली, दान की खरेदी की उत्खनन, तारीख काय, हे लिहिलं जातं. वस्तू आणि तिची हकिकत यांची त्या वहीत गाठ मारली जाते. ही गाठ सुटली, तर काचेतली वस्तूही मुकी होते. आणि गाठ घट्ट असली, तर फाटकं पत्रसुद्धा एका माणसाला त्याचं नाव परत मिळवून देतं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही रत्नदुर्गावर गेलो. भगवतीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं, खाली बंदर, पलीकडे मिरकरवाड्याच्या होड्या. मामू दगडावर बसले. मुंबईहून आगबोट यायची, ती इथं बाहेर नांगर टाकायची आणि मग पडावातून माणसं काठाला यायची, ते सांगायला लागले. माझ्या लहानपणी मीही त्या पडावातून उतरलो आहे. आईनं मला एका हातानं आणि कोंबडीच्या खुराड्याला दुसऱ्या हातानं धरलं होतं. आज त्या आगबोटी नाहीत. कोकण रेल्वे येण्याआधीच त्या थांबल्या.

बोलता बोलता मामूंच्या तोंडून एकेक शब्द येऊ लागले आणि मी सावरून बसलो. माझा धंदा शब्दांचा. मला एकदम वाटलं, अरे, संग्रहालय तर इथं समोर बसलंय.

आपण रोज 'सुकाणू' म्हणतो. पक्षाचं सुकाणू, संस्थेचं सुकाणू. हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. कोळीगीतांतून आपल्या ओळखीचा झालेला 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. 'सारंग' हा फारसी 'सरहंग'. 'खलाशी' अरबी, 'बंदर' फारसी, 'तुफान' अरबी. 'मोसमी वारे' म्हणतो त्यातला 'मोसम' अरबी, आणि इंग्रजांचा 'मान्सून'ही त्याच घरातला. हे शब्द कुठल्या बादशहाच्या फर्मानानं आले नाहीत. गलबतांतून आले, खजुराच्या पोत्यांबरोबर आले, एका डेकवर निरनिराळ्या मुलखांची माणसं एक दोर ओढत असताना आले.

"दोर ढिला सोडायचा तर काय ओरडायचं?" मामूंनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि समुद्राकडे तोंड करून आरोळी दिली, "आऽऽर्या!" आजूबाजूची माणसं दचकून बघायला लागली. 'आर्या' म्हणजे खाली सोड. आणि वर ओढायचं असेल तर 'हाबेस'. 'आर्या' मूळचा पोर्तुगीज. खलाशांच्या या बोलीला लस्करी बोली म्हणत. ती गोऱ्या अधिकाऱ्यांना शिकता यावी म्हणून टॉमस रोबक नावाच्या इंग्रजानं १८११मध्ये कोलकात्यात तिचा कोश छापला. म्हणजे या बोलीचा कोश निघून दोनशे वर्षं उलटली, आणि तिचे शब्द अजून मेलेले नाहीत. तुमच्या शेजारी टॉवर उभा राहत असेल तर खाली उभं राहून ऐका. क्रेनवाल्याला इशारा देणारा मजूर आजही 'हाबेस' आणि 'आर्या' असंच ओरडतो. त्याला ठाऊक नसतं की तो शिडाच्या जहाजावरची भाषा बोलतो आहे.

घरी परतताना मी एक दोनशेपानी वही घेतली. त्या रात्रीपासून मी आणि मामू बसतो आहोत. रीत अगदी साधी आहे, ती तुम्हालाही सांगतो. घरात जी जुनी वस्तू असेल ती पुढ्यात ठेवायची. नसेल तर मामूंना तिचं चित्र काढायला सांगायचं. मग पाच गोष्टी लिहायच्या. हिला आपल्या बोलीत काय म्हणतात? ही कुणी वापरली? कुठून आणली? ती कशी वापरायची, हातांनी करून दाखवत? आणि हे सगळं कुणी सांगितलं, कुठल्या तारखेला? पाचवी गोष्ट आपण हमखास विसरतो. पण सांगणाऱ्याचं नाव नसेल तर उद्या वाचणाऱ्यानं विश्वास कुणावर ठेवायचा? जिथं मामूंना आठवत नाही तिथं 'आठवत नाही' असंच लिहायचं. आपल्या मनानं भर घालायची नाही. कवीला हे सगळ्यांत अवघड जातं.

वस्तू पुसून चकाचक करू नका. दादाच्या पेटीवरचं नाव आईनं घासून काढलं असतं, तर ती फक्त एक पेटी उरली असती. कागदाला चिकटपट्टी लावू नका, सपाट ठेवा, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि एखादी वस्तू संग्रहालयाला द्यायची इच्छा असेल, तर आधी तिथं जाऊन विचारा, द्याल तर लेखी पोच घ्या, आणि वस्तूबरोबर तिची हकिकत लिहून द्या. प्रत्येक वस्तू ते घेतीलच असं नाही, त्यांच्याही जागेच्या अडचणी असतात. नाही घेतली तरी हकिकत लिहिलेली असली की वस्तू आपल्या घरातच निम्मी वाचलेली असते.

थिबाची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीला परतली. राजवाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला झालेली मुलगी टूटू. ती इथंच वाढली, इथंच संसार केला, गरिबीत जगली आणि मराठी बोलली. राजाची नात असल्यामुळे तिची कहाणी लिहिली गेली, ते चांगलंच झालं. पण आपल्या गावोगाव अशा कितीतरी आज्या, मामू, नाना ओट्यावर बसलेले आहेत. ते राजाचे कुणी लागत नाहीत. त्यांच्याकडे विचारायला कुणी बाहेरगावचा लेखक येणार नाही. त्यांच्यापाशी आपल्यालाच जाऊन बसलं पाहिजे, आणि दिवस आताचेच आहेत.

आमच्या वहीची साठएक पानं भरली आहेत. मधूनच एक गंमत होते, गंमत म्हणायची तर. मी मामूंना दादाच्या भावाच्या जहाजाचं नाव विचारतो. लहानपणी त्यांनी मोठ्यांच्या तोंडून ते ऐकलेलं आहे. एकदा ते एक नाव सांगतात. पंधरा दिवसांनी दुसरंच सांगतात. दोन्ही नावं मी वहीत लिहिली आहेत, तारखेसकट. यादी काढून पाहिली. दोन्ही जहाजं तिच्यात आहेत, आणि दोन्हींवर त्या नावाचा एकेक माणूस आहे.

अनेकांतून निदान दोघांवर तरी आलो. येत्या शबे-बरातला मी मामूंना घेऊन खाडीच्या तोंडाशी जाणार आहे. दोघांसाठी फातिहा पढू. एक आमचा असेल. दुसऱ्याच्या घरच्यांनी कदाचित त्याची पेटी अजून विकलेली नसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)